टाकीचाचा

चाळीस वर्षं मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या दुरुस्त करणारे टाकीचाचा स्वतः मोटारसायकलवर कधी बसले नव्हते. चालवणं सोडाच, मागेसुद्धा नाही. सांगलीहून रोज सकाळी ते सायकल मारत कुपवाडला यायचे. एमआयडीसीच्या रस्त्यावर त्या वेळी कामगारांच्या दुचाक्यांची नुसती रीघ लागलेली असायची. एखादा ओळखीचा गाडी हळू करून म्हणायचा, "चाचा, बसा की मागं, सोडतो." चाचा सायकलवरूनच एक हात कपाळाला लावायचे. "तुला तिचं रूप दिसतंय बाबा. मला तिच्या पोटात काय हाय ते म्हायती हाय. तू जा म्होरं, मी येतो निवांत."

त्यांचं खरं नाव आमच्या रस्त्यावर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या कारखान्याच्या गेटसमोर पत्र्याची एक खोली होती, तेच त्यांचं दुकान. त्यावर पाटी नव्हती. दारावर खडूने लिहिलेलं असायचं : 'आत आणू नये – विडी, मोबाईल, घाई.' पावसाने ते पुसलं की पुन्हा लिहायचे. विडी आणि मोबाईल लोक बाहेर ठेवायचे. घाई मात्र सगळेच आत घेऊन यायचे आणि चाचांशी त्यांचे खटके उडायचे.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती एका काट्यामुळे. मी कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आलेला कच्चा माल तपासायचा, त्याची वजनं, मुदतीच्या तारखा बघायच्या, सही करायची, हे माझं काम. एक दिवस वॉचमनने फोन केला की एक म्हातारा काटा घेऊन आलाय आणि हलत नाही. बाहेर गेले तर चाचा. हातात किराणा दुकानात असतो तसा छोटा वजनकाटा, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला. म्हणाले, "पोरी, तुमचा काटा खरा असतोय म्हणं. माझा त्याच्या शेजारी ठिवून बघशील का? खोटं बोलत असंल तर?" मी बघितलं. खरा होता. चाचांच्या चेहऱ्यावरची काळजी तेवढ्याने गेली नाही. "आज खरा हाय. म्हयन्यानं परत आणतो." आणि खरोखरच ते दर महिन्याला यायचे. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'लॅबवाली पोरगी' झाले.

आधी त्यांच्याकडे लोखंडी टाक्याच यायच्या. पोचा काढणं, गंज घालवणं, भोक बुजवणं. मग अलीकडे प्लास्टिकच्या टाक्या यायला लागल्या. काही महागड्या, परदेशी मोटारसायकलींना तशा असतात. पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं स्पिरिट मिसळायला लागल्यापासून या टाक्या फुगायच्या, खालच्या जोडाला केसाएवढी चीर पडायची आणि तिथून पेट्रोल पाझरायचं. नवी टाकी बाहेरच्या देशातून मागवायची तर महिनोन् महिने वाट बघायची. मग कुणीतरी सांगायचं, कुपवाडला एक म्हातारा आहे, टाकीच्या आतून लेप देतो. कऱ्हाड, साताऱ्याहून लोक यायचे. चाचा टाकी हातात घेऊन म्हणायचे, "आपल्याच रानातला ऊस, आन आपल्याच गाडीला डसतोय."

सगळ्याच टाक्या ते घेत नसत. टाकीच्या बुडाला नख मारायचे, अंगठ्याने घासायचे. हाताला मेणचट लागलं की परत द्यायचे. "ह्येला काय चिकटत न्हाई. आज चिकटल्यागत दिसंल, उद्या सोडंल." माणूस गयावया करायचा, दुप्पट पैसे देतो म्हणायचा. चाचा दुसऱ्या टाकीकडे वळलेले असायचे.

घेतलेली टाकी मात्र ते लहान मूल सांभाळावं तशी सांभाळत. पेट्रोल काढून टाकलं की साबणाच्या गरम पाण्याने चार-पाच वेळा धुवायची, उन्हात वाळवायची, तोंडाशी नाक नेऊन हुंगायची. वास आला की पुन्हा धुवायची. मग आत बारीक खिळे टाकून, टाकी गोधडीत गुंडाळून तासभर हलवायची, म्हणजे आतली भिंत खरबरीत होते आणि लेप धरतो. हा लेप दोन भागांचा असतो. एक रेझिन, दुसरा हार्डनर. नेमक्या वजनात मिसळले की थोड्या वेळाने सगळं दगडासारखं घट्ट होतं. ते मिश्रण आत ओतलं की चाचा जमिनीवर पाय लांब करून बसत, टाकी पायांवर घेत आणि तिला फिरवू लागत. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात ना, अगदी तसं. पालथी, उताणी, या कुशीवर, त्या कुशीवर. आतला प्रत्येक कोपरा झाकला जायला हवा. तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नसत. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत गेले तर अर्धा तास दारात उभी राहिले. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

लेप दिल्यावर उरलेलं थोडं मिश्रण ते एका फरशीवर ओतायचे. ते घट्ट झालं की नखाने दाबून बघायचे आणि मग त्याचा तुकडा पेट्रोल भरलेल्या काचेच्या बरणीत टाकून फळीवर ठेवायचे. प्रत्येक टाकीची एक बरणी. दहा दिवस तुकडा जसाच्या तसा राहिला, तरच टाकी गिऱ्हाइकाला मिळायची. "मी हो म्हणून काय उपेग न्हाई, बरणीनं हो म्हणाया पायजे," असं त्यांचं म्हणणं होतं. लोक वैतागायचे. एका साताऱ्याच्या मुलाने तर भांडणच काढलं होतं. चाचा त्याला म्हणाले, "लेका, तू लय तर धा दिवस बसनं जाशील. मला मातुर तू घरी पोचलास का न्हाई, ह्या घोरानं झोप लागायची न्हाई."

फौजी आला तो दिवाळीनंतर. पाटणच्या बाजूचा, सैन्यातला तिशीचा जवान. एका साहेबांकडून त्याने जुनी परदेशी मोटारसायकल घेतली होती, आणि तिच्यावर त्याचा फार जीव. टाकी फुगलेली, बुडाला चीर. सुट्टी संपायच्या आत गाडी सुरू व्हायला हवी होती. बायको, पाच वर्षांची मुलगी यांना घेऊन कोयनानगरला सासुरवाडीला जायचं, तिथून घाट उतरून चिपळूणला बहिणीकडे, मग परत ड्यूटीवर. चाचांनी टाकी बघितली, नख मारलं, घेतली. पण त्याच आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या दुकानात हार्डनर संपलेला होता.

ते गेटवर आले. "पोरी, तुमच्याकडं असंल का गं? दुकानात आला की डबा परत आणून देतो."

आमच्या कपाटात नमुन्याला आलेला एक डबा होता. तोच माल, तीच जात. जेवणाची सुट्टी संपत आली होती, वर साहेबांची मीटिंग होती. मी धावत जाऊन डबा आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातात फिरवला. चष्मा घरी राहिला होता.

"मुदत बघितलीस न्हवं?"

"हो चाचा, बघितलीय."

मी बघितली नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या डब्यांवरच्या तारखा वाचणाऱ्या मी त्या डब्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आणि तरी 'हो' इतक्या सहज तोंडातून गेलं, की मी ते बोलले हेही पाच मिनिटांत विसरून गेले.

लेप छान बसला. फरशीवरचा तुकडा नखाला घट्ट लागला. बरणीत टाकून जेमतेम पाच दिवस झाले होते, तोवर फौजी दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही. नुसता म्हणाला, "चाचा, आठ दिवस ऱ्हायल्यात सुट्टीचं. पोरगीला गाडीवर फिरवतो म्हणून सांगून ठिवलंय. परत कवा येणं व्हईल, मला तरी कुठं म्हायती हाय?" हे शेवटचं वाक्य चाचांना लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बरणीच्या आधी हो म्हटलं. टाकी त्याच दिवशी बसवली. मी गेटवरून बघत होते. फौजीने मुलीला उचलून पुढे टाकीवर बसवलं, बायको मागे बसली. मुलीने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि आमच्याकडे बघून मान डोलावली. चाचा रस्त्याच्या मध्ये उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

तो शनिवार होता. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला वॉचमनचा फोन आला, चाचा आलेत. मला वाटलं काटा घेऊन आले असतील. बाहेर गेले तर त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बरणी होती. त्यांनी झाकण काढून आत काडी घातली आणि तुकडा वर काढला. पावसाळ्यात गुळाची ढेप सुटते ना, तसा तो सुटला होता. काडीवरून ओघळून पुन्हा पेट्रोलमध्ये पडला.

"टाकीच्या आत आसंच झालं असणार," चाचा म्हणाले. "ती चीर उघडी पडंल. खाली इंजन तापल्यालं. आन ती पोरगी..." 

मी परत आत धावले, कचऱ्याच्या खोलीत तो रिकामा डबा शोधला. चाचांनी तो दुसऱ्याच दिवशी परत आणून दिला होता. मुदत संपून सात महिने झाले होते. लेबलवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. मी डबा तिथेच ठेवला. बाहेर आले आणि चाचांना काहीच सांगितलं नाही.

फौजीला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सासुरवाडीचं नाव-गाव आम्हाला माहीत नव्हतं. चाचांना एवढंच आठवत होतं, की सोमवारी जेवून घाट उतरणार असं तो म्हणाला होता. "मी यस्टीनं जातो," ते म्हणाले आणि निघालेच. एसटीने कऱ्हाडला बदला, पाटणला बदला. जेवणाच्या वेळेपर्यंत कसे पोचणार? साहेबांची गाडी मागता आली असती. पण मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे तो डबा दाखवायचा. मी डोकं दुखतंय म्हणून सुट्टी टाकली आणि माझी स्कूटर बाहेर काढली.

"बसा चाचा."

त्यांनी स्कूटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपी काढून खिशात घातली. "बिस्मिल्ला," म्हणाले आणि बसले.

त्या प्रवासातलं मला रस्त्यापेक्षा माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जास्त आठवतो. नुसता ठेवलेला नव्हता, मुठीत कापड गच्च धरलेलं होतं. खड्डा आला की मूठ आवळायची. आष्ट्यापर्यंत ते तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होते. त्यानंतर मध्येच विचारायचे, "पोरी, वास येतोय का गं पेट्रोलचा?" मी म्हणायचे, "नाही चाचा, आपली गाडी ठीक आहे." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. मला कळत होतं की ते आमच्या स्कूटरचं विचारत नव्हते. पेठनाक्याला फोन लावला, कऱ्हाडला लावला. लागला नाही. कऱ्हाडला पेट्रोल भरायला थांबले तर ते वीस पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले.

पाटणच्या स्टँडसमोर थांबून पुन्हा लावला आणि अचानक रिंग वाजली. कुणीतरी उचलला.

"हॅलो," एक बारीक आवाज. मुलगीच होती.

"बाळा, पप्पांना फोन दे. लवकर दे."

"पप्पा गाडी पुसत्यात. आमी आत्याकडं चाललोय."

"हो, पण आधी पप्पांना फोन दे. सांग, गाडी सुरू करू..."

फोन तुटला. त्यानंतर सहा-सात वेळा लावला असेल. एकदाही रिंग गेली नाही. मी चाचांना सांगितलं, अजून निघाले नाहीत, घरीच आहेत. चाचा म्हणाले, "पुसाया किती येळ लागतोय?"

पाटणपासून पुढे रस्ता वळणावळणाचा. मी इतक्या जोरात गाडी कधीच चालवली नव्हती आणि चाचांनी एकदाही हळू चालव म्हटलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. कोयनानगरच्या एका चहाच्या टपरीवर विचारलं, मोठी मोटारसायकल, फौजी, बरोबर लहान मुलगी. टपरीवाला म्हणाला, "ही काय आत्ताच गेली की घाटाकडं. धा मिनटं झाली नसतील."

पुढे तीन-चार वळणांवर ती दिसली. रस्त्याच्या कडेला, स्टँडवर लावलेली. फौजी एका गुडघ्यावर बसून कसलीशी नळी फुंकत होता. त्याची बायको पिशवी घेऊन लांब कठड्यावर बसलेली होती. मुलगी टाकीवरच होती. गाडी बंद पडली तरी खाली उतरायला तयार नव्हती, हँडल धरून तोंडाने गाडीचा आवाज काढत होती.

मी ब्रेक लावायच्या आधीच चाचांनी मागून उडी टाकली. गुडघ्यावर पडले, उठले, पळत सुटले. सत्तरीच्या उंबऱ्यावरचा माणूस. फौजी नळी पुन्हा जोडून गाडी सुरू करायला चावीकडे हात नेत होता.  त्यांनी आधी मुलीला काखेत धरून उचललं, दुसऱ्या हाताने चावी काढली आणि तसेच पळत तिला आईकडे घेऊन गेले. मुलगी घाबरून रडायला लागली.

"काय चाललंय काय?" फौजी ओरडला.

"खाली बघ," चाचा धापा टाकत म्हणाले. "लांबनं बघ."

टाकीच्या बुडाला ओल धरली होती. एक थेंब सुटला, सांगाड्यावरून घरंगळत इंजिनाच्या दिशेने आला आणि वाटेतच वाळून गेला. मग दुसरा. आता वास मलाही आला. फौजीने तो आधी ओळखला नसेल असं नाही, पण नळी काढल्यामुळे येत असेल असं त्याला वाटलं होतं. आतला लेप सुटून नळीत अडकला म्हणून गाडी बंद पडली होती. तो त्या नळीत अडकला नसता, तर गाडी तशीच पाझरत घाट उतरली असती.

इंजिन थंड होईपर्यंत चाचांनी कुणाला गाडीजवळ जाऊ दिलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करून लांबून जायला सांगत ते रस्त्यात उभे राहिले. मग नळी लावून सगळं पेट्रोल डब्यात काढलं आणि डबा लांब नेऊन ठेवला. टाकीच्या तोंडातून लेपाचे लिबलिबीत तुकडे बाहेर आले. फौजी ते बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, मग लाल झाला.

"चाचा, माझी पोरगी बसली हुती ह्याच्यावर!"

"व्हय."

"इश्वास टाकला तुमच्यावर! समदी म्हणत हुती, चाचा लय जपून करत्यात. ह्ये जपून व्हय?"

"चूक माझी हाय," चाचा म्हणाले. "धा दिवसाच्या आत टाकी द्याची न्हाई, ह्यो माझा नेम. मी मोडला. तू मला काय बी बोल."

आणि फौजी बोलला. नको नको ते बोलला. त्यांच्या वयाला बोलला, त्यांच्या हातांना बोलला. चाचा खाली मान घालून ऐकत उभे होते. गुडघ्यावर पायजमा फाटून रक्त आलं होतं. मी चार हात लांब, हेल्मेट धरून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'डबा मी दिला होता.' ते माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. शेवटी फौजीची बायको उठली, पाण्याची बाटली चाचांच्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, पुरं करा आता. सांगलीपस्नं आल्यात ती म्हातारी माणसं. न्हाई आली असती तर?" फौजी कठड्यावर जाऊन बसला.

गाडी टेम्पोत घालून, चाचांनाही पुढे बसवून, सासुरवाडीला नेली. परतीला चाचा स्कूटरवर बसायला तयार नव्हते. आता कारण नव्हतं, म्हणाले. मी त्यांना कोयनानगरच्या स्टँडवर चालतच सोडायला गेले. एसटीला वेळ होता. बाकावर बसून ते रुमालाने गुडघा पुसत होते. मी म्हटलं, "चाचा, त्या डब्याची मुदत संपलेली होती. मी बघितली नव्हती. बघितली म्हणून खोटं सांगितलं."

त्यांनी गुडघा पुसणं थांबवलं नाही. "बरणी बघितल्यावरच कळलं मला. माझं वजन चुकत न्हाई."

"मग मगाशी का नाही सांगितलंत? तो तुम्हाला एवढं बोलत होता..."

"तू काय केलंस, ते तू सांगायचं. मी कशाला सांगू?" रुमालाची घडी घालत म्हणाले, "आन माझी चूक काय खोटी न्हाई पोरी. तू हो म्हणालीस. पण बरणी अजून हो म्हणाली न्हवती, आन मी टाकी दिली. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "रडत गाडी चालवू नगंस. वळणं हायत. तोंड धू, चहा पी, मग नीघ."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. फौजीला फोन करायला मात्र मला पंधरा दिवस लागले. तोपर्यंत तो ड्यूटीवर पोचला होता.  माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, तुमचं ऱ्हाऊ द्या. पर मी त्यांना लय वंगाळ बोललो वो." पुढच्या सुट्टीत तो मुलीला घेऊन कुपवाडला आला. दारातच वाकून चाचांच्या पाया पडला. चाचा इतके गोंधळले की हातातलं फडकं खाली पडलं. ती प्लास्टिकची टाकी काही वाचली नव्हती. चाचांनी ओळखीच्या पत्रेवाल्याकडून लोखंडी टाकी घडवून घेतली होती, रंगासकट. मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, ह्याच्यावर बसू का?" चाचांनी तिला उचलून आपल्या सायकलच्या दांडीवर बसवलं आणि दुकानासमोर चार चकरा मारल्या.

त्या प्रकारानंतर त्यांनी प्लास्टिकच्या टाक्या घेणं बंद केलं. पण आधी दिलेल्यांची काळजी काही संपेना. जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवरून ते एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावायचे. "मी कुपवाडचा टाकीवाला. वास-बिस येतोय का रं?" लोक आधी चक्रावायचे, मग हसायचे. त्या साताऱ्याच्या भांडखोर मुलाला त्यांनी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चाचा, मी ती गाडी कवाच इकली." झालं! आता ती कुणाला विकली, हे शोधण्यात दोन आठवडे गेले. मिळाला तो माणूस, वाईचा. टाकी ठणठणीत होती.

पुढे त्यांना दम लागायला लागला. इतकी वर्षं छातीत गेलेले वास. डॉक्टरांनी दुकानात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं. बायको आधीच गेलेली होती, मुलगी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला दिलेली. जावई तिथल्याच एका कारखान्यात होता. ती येऊन त्यांना घेऊन गेली. पत्र्याच्या खोलीत आता पंक्चरवाला बसतो.

गेल्या थंडीत चाचा गेले. त्याआधी दोन महिने मी त्यांना भेटायला गेले होते, स्कूटरवरून नाही, नव्या घेतलेल्या छोट्या कारने. दारात खुर्ची टाकून बसले होते, खूप वाळलेले. बोलताना मध्येमध्ये थांबावं लागत होतं. त्यांच्या मुलीने खिमा-चपाती केली होती. जेवून मी निघाले तर दारापर्यंत आले. कारभोवती एक फेरी मारली, टायरवर हात ठेवून बघितला. "हायवेला ट्रक लय असत्यात. घाईनं जाऊ नगंस. पोचल्यावर फोन कर."

मी हो म्हटलं. साताऱ्याला बहिणीकडे मुक्काम होता. तिथे पोचले, तिच्या मुलांत रमले आणि विसरले. दिवेलागणीला फोन वाजला. त्यांची मुलगी होती, जरा ओशाळल्यासारखी. "ताई, पोचलात का हो? अब्बा मघाधरनं दारातच बसून हायत. जेवा म्हणलं तर ऐकंनात."

"त्यांना द्या फोन," मी म्हटलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्यांचा लांब श्वास.

"पोचले चाचा. केव्हाच पोचले. चुकलं माझं."

"पोचलीस न्हवं?" ते म्हणाले. "झालं तर मग. आता जेवतो."